पंधरावी जागा

डंडी, स्कॉटलंड

१८ एप्रिल २०२२, सोमवार

ईस्टर मंडे, आणि मतदार यादीत नाव घालायचा शेवटचा दिवस. माझं नाव आधीच आहे. आज नाव घातलं ते प्रयोगशाळेतल्या चिनी विद्यार्थिनीने, तेही मी मागे लागले म्हणून. तिला खरंच वाटेना. "माझा व्हिसा डिसेंबरपर्यंतच आहे," ती सारखी म्हणत होती. मी म्हटलं, कायद्याने तू आत्ता इथे राहतेस एवढं पुरे. २०२० साली स्कॉटलंडच्या संसदेने, म्हणजे होलीरूडने, कायदा बदलला आणि इथे कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला कौन्सिलच्या आणि होलीरूडच्या निवडणुकीत मत मिळालं. कौन्सिलच्या सार्वत्रिक निवडणुकीत तो अधिकार बजावायची ही पहिलीच वेळ.

माझा हक्क मात्र या कायद्याच्या आधीचा. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून भारतीय पासपोर्टवर मला कौन्सिलचंच काय, वेस्टमिन्स्टरचंही, म्हणजे ब्रिटनच्या संसदेचंही, मत आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. शाळेत गणित शिकवलं, आणि प्रत्येक निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून पेट्या उचलल्या, असा हा माणूस. शेवटी म्हणाले, "म्हणजे राणीच्या राज्यात तुला मत आहे, आणि पुण्यात मला नगरसेवक नाही."

खरंच नाही. महापालिकेची मुदत १४ मार्चला संपली. आता प्रशासक.

२४ एप्रिल, रविवार

पत्रकांचा ढीग झालाय. भोंगा नाही, रिक्षा नाही, दारात येऊन हात जोडणारं टोळकं नाही. दाराच्या फटीतून कागद आत पडतो, एवढाच प्रचार. कधी बेल वाजली तर छातीला पक्षाच्या रंगाचं फूल लावलेली दोन माणसं उभी असतात, नाव विचारतात, यादीत खूण करतात आणि जिना उतरतात. उमेदवाराला अनामत रक्कमही भरावी लागत नाही.

गंमत पुढे आहे. आमच्या गल्लीत एसएनपीचं, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीचं, जे पत्रक आलं, त्यात दोन उमेदवारांचा क्रम एक. मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे आलं त्यात उलटा. छापण्यातली गडबड नव्हे, हिशेब आहे. वॉर्डातून चार नगरसेवक निवडायचे, पक्षाचे दोन उभे, तर अर्ध्या वॉर्डाने याला पहिली पसंती द्यायची आणि अर्ध्याने तिला. सगळी मतं एकाच्याच पदरात पडली तर दुसरा सुरुवातीलाच बाद व्हायचा.

बाबांना फोनवर सांगितलं तर लगेच कळलं. "अगं, हे तर विधान परिषदेचं गणित! आमदारांना गट पाडून देतात ना, तुम्ही इतक्यांनी ह्याला, तुम्ही तितक्यांनी त्याला. फक्त तिथे आमदार पळून जातील म्हणून हॉटेलात नेऊन ठेवावे लागतात."

पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याचं नातं फक्त आकड्यापुरतं. २०१७ साली पुण्यात आम्हाला चार मतं होती, अ, ब, क, ड. चार वेळा बटण दाबायचं, चारही ठिकाणी ज्याला जास्त तो आला. प्रभागात एका पॅनेलचा जोर असेल तर चारही जागा त्याच्या, बाकीच्यांच्या हाती भोपळा. इथे मत एकच. त्या एका मताला १, २, ३ असे आकडे घालायचे, पाहिजे तितके. पहिला निवडून आला आणि त्याच्याकडे शिल्लक उरली, किंवा पहिला बादच झाला, तर मत दुसऱ्याकडे चालू लागतं.

२००७ पर्यंत इथेही ज्याला जास्त मतं तो विजयी, असंच होतं. ग्लासगोत २००३ साली मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मतं पडली आणि ७९ पैकी ७१ जागा मिळाल्या. २००७ साली पसंतीक्रम आला, त्याच शहरात त्याच पक्षाच्या ४५ झाल्या. मजूर पक्षाने हे स्वतःच्या हाताने केलं, कारण होलीरूडमध्ये त्यांना लिबरल डेमोक्रॅटांच्या कुबड्या हव्या होत्या आणि त्यांची अट हीच होती. आपल्याकडे आघाडीतला धाकटा भाऊ खातं मागतो, महामंडळं मागतो. इथल्याने मतदानाची पद्धत मागितली. असा धाकटा भाऊ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

३० एप्रिल, शनिवार

व्हर्डंट वर्क्सला पाहुण्यांना घेऊन गेले. जुन्या तागाच्या गिरणीचं संग्रहालय. इथल्या यंत्रांवर बंगालचा ताग विणून हे शहर उभं राहिलं, मग इथलेच लोक हुगळीकाठी गिरण्यांवर साहेब म्हणून गेले आणि त्या गिरण्यांनी इथल्या गिरण्या बुडवल्या. गिरणीत बायका जास्त, त्यांना पगार कमी द्यावा लागे म्हणून. पुरुष घरी बसून किटली चढवायचे.

त्या शहराने चर्चिलला पाडलं. १९०८ पासून तो इथला खासदार. नोव्हेंबर १९२२ मध्ये, म्हणजे यंदा शंभर वर्षं होतील, तो चौथा आला. तेव्हा डंडीतून दोन खासदार जायचे आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं असायची, आपल्या पॅनेलसारखंच. एक जागा मजूर पक्षाच्या मोरेलने घेतली आणि दुसरी, पहिल्या क्रमांकाने, एडविन स्क्रिमजरने. हा दारूबंदी पक्षाचा माणूस! वर्षानुवर्षं पडत होता आणि उभा राहत होता. सहाव्या खेपेला आला, तो साक्षात चर्चिलच्या उरावर. आपल्याकडच्या गावांत बायका आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडतात, त्यांना हा गृहस्थ आवडला असता.

४ मे, बुधवार

सकाळी उठले तर बाबांचे तीन मेसेज. सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला सांगितलं, दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करा. दोन हजारांहून जास्त महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या अडकून पडल्यात. ओबीसी आरक्षणाचा घोळ, मग प्रभाग रचना कोणी करायची याचा घोळ, ११ मार्चला त्यासाठी केलेला कायदा, त्याच्यावर याचिका.

"होतील आता?" मी विचारलं.

"पावसाळा येतोय," बाबा म्हणाले. एवढंच.

इथे उद्या बत्तीसच्या बत्तीस कौन्सिलांचं मतदान. तारीख पाच वर्षांपूर्वीच सगळ्यांना ठाऊक होती. मेचा पहिला गुरुवार. ही शिस्त बघून मला हेवा वाटतो, आणि हेवा वाटला की मी दोष शोधायला लागते. सापडतातही. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, त्यामुळे एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांत वरच्याला आपोआप जास्त पहिल्या पसंत्या पडतात. यावर इथे अभ्यास झालेत, तक्रारी झाल्यात, क्रम तोच आहे. माझं आडनाव डब्ल्यूवरून सुरू होतं. मी इथे कधी उभी राहणार नाही हे बरंच आहे.

५ मे, गुरुवार

कामावर जाता जाता मत दिलं. केंद्र एका चर्चच्या सभागृहात. बाहेर एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उभा, आत टेबलामागे दोन बायका. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. ओळखपत्र कोणी मागितलं नाही. मी सवयीने पासपोर्ट घेऊन गेले होते, तो पिशवीतच राहिला. बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल. बाबांना याचा सगळ्यात मोठा धक्का. "पेन्सिल? खोडली तर?"

मी सहा आकडे लिहिले. पहिला आकडा लिहायला वेळ लागला नाही. तिसऱ्यापासून खरी परीक्षा सुरू होते. ज्या पक्षाला मी मत देणार नाही असं छातीठोक सांगते, त्याचाही एक उमेदवार मला पाचव्या क्रमांकाला ठेवावासा वाटला, कारण त्याच्या खालच्याहून तो बरा. मनातली ही उतरंड मी आजवर कधी कुणापुढे मांडली नव्हती, स्वतःपुढेसुद्धा.

आमच्या समोरच्या घरातला मुलगा सोळा वर्षांचा. सकाळी मत देऊन शाळेत गेला. २०१५ पासून इथे सोळाव्या वर्षी मत आहे. वेस्टमिन्स्टरसाठी मात्र अजून अठराच. त्याला विचारलं, मुद्दा कुठला? म्हणाला, ऑलिंपिया. शहराचा मोठा तरणतलाव, २०१३ साली उघडलेला, गेल्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद. स्कॉटलंडचं स्वातंत्र्य, बोरिस जॉन्सनच्या पार्ट्या, युक्रेन, सगळं टीव्हीवर. याला पोहायला जायचंय.

रात्री दहापर्यंत मतदान. नऊला बाहेर पाहिलं तर अजून उजेड होता आणि टे नदीवरच्या पुलावरून गाडी चालली होती.

६ मे, शुक्रवार

इथे रात्रभर मोजत बसत नाहीत. सकाळी आरामात सुरू करतात, कारण कागद यंत्रात जातात. यंत्र प्रत्येक मतपत्रिकेचं चित्र घेतं, आकडे वाचतं. जिथे आकडा कळत नाही तिथे चित्र पडद्यावर येतं आणि माणूस ठरवतो, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर.

यंत्राची सुरुवात २००७ साली वाईट झाली. त्या वर्षी होलीरूड आणि कौन्सिल एकाच दिवशी ठेवले. एका कागदावर फुल्या करायच्या, दुसऱ्यावर आकडे लिहायचे. होलीरूडची जवळपास दीड लाख मतं बाद झाली. मग चौकशी झाली आणि दोन्ही निवडणुका वेगळ्या केल्या. आता कौन्सिलची बाद मतं शंभरात दोनसुद्धा नसतात. आकडे लिहिणं लोकांना जमत नाही, असं आपल्याकडचे शहाणे म्हणतील तेव्हा हे सांगायचं.

दुपारपासून प्रयोगशाळेत काम कमी आणि फोन बघणं जास्त. डंडीत आठ वॉर्ड. पाच वॉर्डांतून चार-चार, तीन वॉर्डांतून तीन-तीन, एकूण २९. बहुमताला १५ लागतात. मागच्या वेळी एसएनपी १४ वर अडकली होती. पंधरावा माणूस होता इयन बोर्थविक, अपक्ष, १९६३ पासून नगरसेवक. एसएनपीने त्यांना लॉर्ड प्रोव्होस्ट केलं, म्हणजे आपल्या भाषेत महापौर, आणि पाच वर्षं गाडा चालवला. एकोणसाठ वर्षं नगरसेवकी करून ते या वेळी थांबले. अपक्षाच्या एका मतावर कारभार हे ऐकून बाबांच्या डोळ्यासमोर जे आलं असेल ते मला माहीत आहे, पण इथे कोणी पेट्या पोचवल्याचं ऐकलं नाही.

संध्याकाळी आकडा लागला. एसएनपी १५, मजूर ९, लिबरल डेमोक्रॅट ४, हुजूर १. हुजूर पक्षाचे मागच्या वेळी तीन होते. अख्ख्या स्कॉटलंडमध्ये एसएनपीला कौन्सिलात एकहाती बहुमत मिळालं ते फक्त इथे.

७ मे, शनिवार

सगळा दिवस आमच्या वॉर्डाच्या, वेस्ट एंडच्या, निकालावर गेला. इथे दोन एसएनपी आणि दोन लिबरल डेमोक्रॅट आले. मजूर पक्षाची जागा गेली. एसएनपीच्या नव्या नगरसेविका नादिया एल-नकला, आरोग्यमंत्री हुमझा युसुफ यांच्या पत्नी. पण खरी कथा फ्रेझर मॅकफर्सन यांची. दिवा बंद पडला, फुटपाथ उखडला, कचरापेटी भरली की या भागातले लोक पक्ष न बघता यांना कळवतात. त्यांना पहिल्या पसंतीची इतकी मतं पडली की ते कोट्याच्या बरेच वर गेले. त्यांची शिल्लक मतं त्यांच्याच पक्षाच्या मायकल क्राइटन यांच्याकडे उतरली आणि तेही आले.

बाबांना कोटा समजावायची गरज नव्हती, त्यांनीच मला समजावला. चार जागा असतील तर एकूण वैध मतांचे पाच भाग करायचे आणि एकात एक मिळवायचं. इतकी मतं चार जणांनाच मिळू शकतात, पाचव्याला मिळणं शक्यच नाही. मग विजयी उमेदवाराच्या शिल्लक मतांचं काय? त्यातली कुठली कागदं "शिल्लक" आणि कुठली "वापरलेली" हे कसं ठरवणार? म्हणून सगळीच कागदं पुढे पाठवायची, पण प्रत्येकाची किंमत कमी करून. इथे हा अपूर्णांक पाच दशांश स्थळांपर्यंत काढतात. निकालाच्या तक्त्यावर माणसाला मिळालेली मतं दशांश चिन्ह लावून छापलेली असतात. मी तक्त्याचा फोटो पाठवला. बाबांनी कागद-पेन्सिल घेऊन दोन ओळी पडताळून पाहिल्या. "बरोबर आहे," असा निरोप आला. कौन्सिलला कळवायचं राहिलं.

मग मला जे खटकलं ते बाबांना बोलले. ही पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. राज्यसभेला आहे, विधान परिषदेला आहे, राष्ट्रपतीपदाला पसंतीक्रम आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात बाबांनी स्वतः आकडे लिहिलेत. म्हणजे आमदार असेल, पदवी असेल, मास्तर असेल, तर त्याला दुसरी पसंती असू शकते असं घटना आणि कायदा मानतात. भाजीवाल्याला मात्र एकच बटण. इथे तीच पेन्सिल सोळा वर्षांच्या पोराच्या आणि व्हिसावर आलेल्या चिनी मुलीच्या हातात दिली.

"मोजायला किती दिवस लागतील आपल्याकडे, विचार केलास?" बाबा म्हणाले. ते मोजणीच्या टेबलावर बसलेले आहेत, मी नाही. मी मुंबईतल्या एका प्रभागाची कागदं डोळ्यासमोर आणली आणि जरा गप्प झाले. पण तरी मला त्यांचं पटलं नाही.

मतदान किती झालं तेही लिहून ठेवते, नाहीतर हे सगळं स्तोत्रासारखं व्हायचं. स्कॉटलंडभर साधारण ४५ टक्के. निम्म्याहून जास्त लोक घरीच बसले. आणि स्कॉटलंडमधल्या आठ वॉर्डांत तर जागा तितकेच उमेदवार निघाले, अठरा जण मतदानाशिवायच आले. एवढी सुंदर पेन्सिल, आणि लिहायला नाव नाही.

२९ मे, रविवार

नव्या कौन्सिलची घडी बसली. नेते जॉन अलेक्झांडरच राहिले. लॉर्ड प्रोव्होस्ट बिल कॅम्पबेल, एसएनपीचेच. पंधरावी जागा आता घरचीच असल्याने बाहेरचं कोणी लागलं नाही. इथेच मला या पद्धतीचा एक विनोद दिसतो. ती आणली कशासाठी, तर एका पक्षाची मक्तेदारी मोडायला. आणि डंडीत पहिल्या पसंतीची निम्म्याहून कमी मतं घेऊन एक पक्ष बहुमतात बसला. अन्याय झाला असं नाही. खालच्या क्रमांकांची मतं वाहत वाहत त्यांच्याकडे गेली, लोकांनीच पाठवली. २०१४ च्या सार्वमतात ५७ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलेलं हे शहर आहे. पण दोन पक्षांच्या संमतीशिवाय इथे पान हलणार नाही, असं जे पुस्तकात लिहितात तसं इथे झालं नाही, एवढंच.

एडिनबरात उलट. ६३ पैकी एसएनपी १९, सगळ्यात मोठी. मजूर १३. गुरुवारी मजूर पक्षाने लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर यांच्या मतांवर सत्ता घेतली, आणि १९ वाले विरोधात बसले. औपचारिक आघाडी नाही हं, असं वर सांगतात, कारण पक्षाच्या नेत्याने आघाड्या करायच्या नाहीत असं जाहीर केलं होतं. २०१९ ला महाराष्ट्रात सगळ्यात मोठा पक्ष विरोधात बसला तेव्हा जी भाषणं झाली, तीच इथे या आठवड्यात इंग्रजीत ऐकली. आवाज फक्त खालच्या पट्टीत.

उद्यापासून डंडीच्या मध्यभागी कमी धुराचा विभाग लागू होतोय. दंड दोन वर्षांनंतर. ऑलिंपिया अजून बंदच.

११ जून, शनिवार

इथे काल रात्री झोपायची वेळ झाली तेव्हा मुंबईत पहाट होत आली होती आणि राज्यसभेचा निकाल लागत होता. बाबा जागेच. चोवीस वर्षांनी महाराष्ट्रात राज्यसभेला खरी लढत. सहा जागा, सात उमेदवार.

आमदारांनी आयोगाने दिलेल्याच पेनाने आकडे लिहायचे आणि कागद आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचा. कोणी दाखवताना जास्त दाखवला म्हणून आक्षेप, दिल्लीला तक्रारी, मोजणी कित्येक तास थांबली. शेवटी एक मत बाद. वैध मतं २८४. प्रत्येक मताची किंमत १०० धरायची, कारण अपूर्णांक काढायचे असतात. सातने भागायचं, एक मिळवायचा. कोटा ४,०५८, म्हणजे ४१ आमदार.

शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३. भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. महाडिक आले. पियुष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८ मतं होती. दोघांची मिळून १,४८४ शिल्लक, ती जवळजवळ सगळी महाडिकांकडे उतरली. त्यांच्या २,७०० मध्ये मिळवा.

बाबांनी मिळवून ठेवलीच होती. "तुझ्या वेस्ट एंडचा क्राइटन," ते म्हणाले.

"मॅकफर्सन यांना लोकांनी भरभरून दिली, बाबा. गोयल यांना पक्षाने मोजून दिली."

"बेरीज तीच आहे."

"बेरीज तीच आहे," मी म्हटलं, "पण त्या लोकांना कागद कुणाला दाखवावा लागला नाही."

यावर त्यांनी वाद घातला नाही. सोसायटीच्या दारातला खड्डा पावसाच्या आत बुजवून घ्यायचाय, असं सांगू लागले. प्रभागाच्या कार्यालयात अर्ज दिलाय. कुणाच्या नावाने दिला विचारलं तर म्हणाले, प्रशासकांच्या. विधान परिषदेची निवडणूक २० तारखेला आहे, तेव्हा पुन्हा फोन कर, कोटा आधीच काढून ठेवतो.